सहीचा धनी

५ जुलै २०२५ रोजी क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबच्या हिप्पोड्रोम मैदानावर, मार्को पेर्कोविच थॉम्पसन या गायकाचा कार्यक्रम झाला. ज्या देशाची लोकसंख्या चाळीस लाखही भरत नाही, त्या देशात एका मैदानावर पाच लाखांच्या आसपास माणसे जमली. एका गाण्याच्या सुरुवातीला गायकाने आरोळी दिली, 'झा दोम!' आणि मैदानाने एकमुखाने उत्तर दिले, 'स्प्रेम्नी!' अर्थ साधा आहे. मायभूमीसाठी, सज्ज! आता यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आपल्यातलाही एखादा भाबडा माणूस विचारील. क्रोएशियातले कितीतरी लोक तोच प्रश्न विचारतात. १९९१ च्या स्वातंत्र्ययुद्धात आमची पोरे ही घोषणा देत मेली, ती आमच्या हौतात्म्याची घोषणा आहे, असे ते छातीठोकपणे सांगतात. ते खोटे नाही, पण ते अर्धेच सत्य आहे. त्याच्या पन्नास वर्षे आधी, १९४१ ते १९४५ या काळात, हीच घोषणा सरकारी कागदांच्या तळाशी, अधिकाऱ्याच्या सहीच्या अगोदर लिहिली जात असे. कोणाला छावणीत धाडायचे, कोणाचे दुकान जप्त करायचे, कोणाला गावातून हुसकावायचे, हे सगळे लिहून झाले की शेवटी 'झा दोम स्प्रेम्नी' आणि खाली सही. अशा सह्या करणाऱ्या हातांत एक हात डॉ. आंद्रिया आर्तुकोविच या गृहमंत्र्याचा होता.

हिटलर, हिमलर, मुसोलिनी ही नावे जगाला पाठ आहेत. क्रोएशियाच्या फॅसिस्ट राज्याचा प्रमुख आन्ते पावेलिच याचे नावही इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. आर्तुकोविच मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही, कारण तो भाषणे ठोकून मैदाने गाजवणारा पुढारी नव्हता. तो वकील होता. सुटाबुटात टेबलामागे बसून फायली हातावेगळ्या करणारा माणूस. आमच्या मते अशाच माणसाची हकिकत मुळातून वाचली पाहिजे. सुरा चालवणारा दिसतो, त्याचा धिक्कार करणे सोपे असते. सुऱ्याला परवाना देणारा दिसत नाही, आणि दिसला तरी तो इतका सभ्य दिसतो की त्याला गुन्हेगार म्हणायला मोठमोठ्या न्यायाधीशांची जीभ रेटत नाही. आर्तुकोविचच्या बाबतीत ती तब्बल पस्तीस वर्षे रेटली नाही.

नोव्हेंबर १८९९ मध्ये हर्जेगोव्हिनातील ल्युबुश्कीजवळच्या क्लोबुक गावी त्याचा जन्म झाला. तो प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात होता. शाळा फ्रान्सिस्कन पाद्र्यांची, कायद्याचे शिक्षण झाग्रेबला, डॉक्टरेट कायद्यातलीच. गोस्पिच या गावी त्याने वकिली सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर सर्ब राजघराण्याच्या नेतृत्वाखाली जे युगोस्लाव्ह राज्य झाले, त्यात क्रोएशियन जनतेला दुय्यम वागणूक मिळते अशी भावना होती आणि ती निराधार नव्हती. १९२८ साली संसदेच्या सभागृहातच क्रोएशियन शेतकरी पक्षाचे नेते स्त्येपान रादिच यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. जानेवारी १९२९ मध्ये राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त करून एकतंत्री कारभार सुरू केला. अन्याय खरा होता. पण खऱ्या अन्यायाच्या पाठीवर स्वार होऊन कोण येते, हा प्रश्न पीडित समाजांनी नेहमी विचारायला हवा. रादिच यांची चळवळ शेतकऱ्यांची होती, मतांची होती. त्यांच्या मृत्यूनंतर जी उस्ताशा नावाची गुप्त संघटना पावेलिचने उभी केली, ती बॉम्बची, शपथांची आणि इटलीच्या मुसोलिनीने पुरवलेल्या पैशांची होती.

वकील आर्तुकोविच या संघटनेत गेला. सप्टेंबर १९३२ मध्ये वेलेबित पर्वताच्या पायथ्याशी ब्रुशाने या गावच्या पोलीस ठाण्यावर उस्ताशांनी हल्ला केला. हल्ला फसला. पण 'वेलेबितचा उठाव' म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि त्याच्या आयोजकांत असलेला आर्तुकोविच इटलीला पळाला. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रान्समधील मार्सेय बंदरावर राजा अलेक्झांडरचा खून झाला. त्याच गोंधळात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्तू यांचाही बळी गेला. कट उस्ताशांचा होता. आर्तुकोविच लंडनमध्ये पकडला गेला, तिथून फ्रान्सला आणि फ्रान्सकडून बेलग्रेडच्या स्वाधीन केला गेला. तिथल्या न्यायालयाने १९३६ साली त्याला सोडून दिले. ज्या राज्याला तो जुलमी म्हणत होता, त्याच राज्याच्या न्यायालयाने पुरावा नाही म्हणून त्याला मोकळे केले, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे त्याच्या हाती सत्ता आल्यावर त्याच्या राज्यात आरोपीला काय मिळाले, ते आता पाहू.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा युगोस्लाव्हियात घुसल्या. १० एप्रिलला झाग्रेबच्या आकाशवाणीवरून स्लाव्को क्वातेर्निक याने 'स्वतंत्र क्रोएशिया राज्या'ची घोषणा केली. पावेलिच इटलीहून आला आणि १६ एप्रिलला मंत्रिमंडळ बनले. आर्तुकोविच गृहमंत्री झाला. स्वतंत्र म्हणवणाऱ्या या राज्यात अर्ध्या भागात जर्मन सैन्य, अर्ध्या भागात इटालियन सैन्य! स्वातंत्र्याचे हे सोंग असले तरी एका कामात हे राज्य पुरते स्वतंत्र होते. आपल्याच प्रजेतील कोणाला मारायचे हे ठरवण्यात.

आणि किती घाई! १७ एप्रिलला, म्हणजे मंत्रिमंडळाच्या दुसऱ्याच दिवशी, 'जनता आणि राज्याच्या संरक्षणा'चा हुकूम निघाला. क्रोएशियन जनतेच्या सन्मानाला किंवा हितसंबंधांना जो धक्का लावील, किंवा लावण्याचा नुसता प्रयत्न करील, त्याला मृत्युदंड. सन्मान म्हणजे काय? हितसंबंध कोणते? हुकूमात व्याख्या नाही. २५ एप्रिलला सिरिलिक लिपीवर बंदी आली. सर्बांची लिपीच गुन्हा ठरली. ३० एप्रिलला तीन हुकूम एकदम निघाले. नागरिकत्वाचा, वांशिक ओळखीचा आणि 'आर्य रक्ता'च्या रक्षणाचा. ३ मे रोजी धर्म बदलण्याबाबतचा हुकूम. दोन-अडीच आठवड्यांत एका वकिली डोक्याच्या सरकारने माणसाच्या अस्तित्वाचा एकेक खांब कागदावर उखडून टाकला. आधी लिपी गेली, मग नागरिकत्व, मग रक्त, मग देव. प्रत्यक्ष खून त्यानंतर सोपे झाले.

३० एप्रिलच्या हुकूमांची अंमलबजावणी गृहखात्याकडे होती. एखादा माणूस आर्य की अनार्य याबद्दल संशय असेल, तर गृहखात्याच्या वांशिक-राजकीय समितीने शिफारस करायची आणि मंत्रालयाने निकाल द्यायचा. मोजमाप आजी-आजोबांवरून. आजी-आजोबांपैकी दोन किंवा अधिक जिप्सी असतील तर माणूस जिप्सी. ज्यूंसाठीही तशीच गणिते. पण याच हुकूमात एक खिडकी ठेवली होती. ज्याने क्रोएशियन राष्ट्राची सेवा केली असेल त्याला राज्यप्रमुख 'आर्यांचे हक्क' बहाल करू शकत होता. खिडकी कोणासाठी होती? घोषणा करणाऱ्या स्लाव्को क्वातेर्निकची बायको ही ज्यू कुटुंबात जन्मलेल्या योसिप फ्रँक या पुढाऱ्याची मुलगी. त्यांचा मुलगा युजेन क्वातेर्निक हा तर या राज्याचा पोलीसप्रमुख, कत्तलींचा प्रत्यक्ष सूत्रधार. ज्या मोजपट्टीने तो दुसऱ्यांना छावणीत धाडत होता, ती त्याच्या आईला लावली असती तर? वंशशुद्धीचे ढोंग किती पोकळ असते ते या एका घराने दाखवून दिले. शुद्धाशुद्धता ही रक्तात कधीच नसते. ती प्रमाणपत्र देणाऱ्याच्या खिशात असते.

झाग्रेबच्या ज्यूंना कपड्यांवर खूण लावण्याचा हुकूम मे १९४१ मध्ये आला. पिवळ्या तुकड्यावर ज्यू या शब्दाचे क्रोएशियन आद्याक्षर. झाग्रेबचे आर्चबिशप स्तेपिनात्स यांनी त्या महिन्यात आर्तुकोविचला पत्र लिहून तक्रार केली. पण ख्रिस्ती झालेल्या ज्यूंची काळजी त्या तक्रारीत आघाडीवर होती. आपला तो आपला, परका तो परका, ही रेषा निषेधाच्या पत्रातही पुसली गेली नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये आर्तुकोविच क्रोएशियन विधिमंडळात उभा राहिला आणि ज्यूंविरुद्धची सगळी कारवाई राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा हक्क असल्याचे त्याने ठासून सांगितले. मारणारा स्वतःला नेहमीच धोक्यात सापडलेला समजतो, किंवा तसे दाखवतो. या राज्याच्या हद्दीत त्या वेळी सुमारे चाळीस हजार ज्यू होते. त्यांपैकी तीस हजारांहून अधिक मारले गेले.

सर्बांची संख्या मोठी होती, म्हणून त्यांच्यासाठी तिहेरी मार्ग वापरला गेला. काहींना सीमेपलीकडे हाकलले, काहींना बळाने कॅथलिक केले, उरलेल्यांना मारले. १९४१ च्या उन्हाळ्यात ग्लिना या गावी धर्म बदलण्यासाठी म्हणून जमवलेल्या सर्ब शेतकऱ्यांची चर्चमध्येच कत्तल झाली. धर्मांतर हा शब्द आपल्या वाचकांच्या कानाला मुक्तीचा वाटतो, कारण तो आपण स्वतःच्या विवेकाने स्वीकारला. मानेवर सुरी ठेवून घडवलेले धर्मांतर हे त्याच शब्दाचे सोंग घेतलेली गुलामगिरी असते, आणि ग्लिनात तर त्या गुलामगिरीचेही अभय मिळाले नाही. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या अंदाजाप्रमाणे या राज्यात तीन लाख वीस हजार ते तीन लाख चाळीस हजार सर्ब मारले गेले.

आता रोमांविषयी. जगाने ज्यांना जिप्सी म्हणून हिणवले ते हे लोक. अठराव्या शतकापासून भाषाशास्त्रज्ञ सांगत आले आहेत की यांची भाषा भारतातली आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान' म्हणतात, दोनाला 'दुई', दहाला 'देश'. आणि माणसाला काय म्हणतात? 'मनुष'. शेकडो वर्षांपूर्वी या भूमीतून बाहेर पडलेले लोक युरोपभर भटकले, लोहारकी केली, घोडे विकले, वाद्ये वाजवली, गावाबाहेर पाले ठोकली, आणि माणूस हा शब्द तेवढा सांभाळून ठेवला. 'आर्य' हा शब्द भाषाशास्त्रज्ञांनी एका भाषाकुळाला लावलेला. त्या कुळातली भाषा बोलणारे युरोपातले हे लोक, आणि त्यांनाच आर्य रक्ताचे शत्रू ठरवून मारले! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांच्या मुळाचा शोध घेणाऱ्या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत तपासला आणि तो टाकाऊ ठरवला. त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत त्या टाकाऊ सिद्धांतावर युरोपात माणसे मारली जात होती. आज हंगेरीतल्या काही रोमा कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे विचार स्वीकारले आहेत, शायोकाझा या खेड्यात त्यांच्या नावाची शाळा चालवली आहे. त्या कार्यकर्त्यांना हे नाते आम्ही शिकवलेले नाही. त्यांचे त्यांनीच ओळखले.

क्रोएशियात रोमांची नोंदणी जुलै १९४१ मध्ये झाली. मे १९४२ मध्ये त्यांना सरसकट उचलून यासेनोवाचला नेण्याचा हुकूम सुटला. पण मध्येच एक प्रकार घडला. बोस्नियातल्या मुस्लिम पुढाऱ्यांनी आणि धर्मपंडितांनी सरकारकडे धाव घेतली की आमच्यात स्थायिक झालेले 'पांढरे' रोमा हे आर्य आहेत, मुस्लिम समाजाचा भाग आहेत, त्यांना हात लावू नका. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस आर्तुकोविचच्या गृहखात्याने तसे परिपत्रक काढले. त्या परिपत्रकामुळे बोस्नियातल्या अनेक रोमांचे प्राण वाचले. पुढे जन्मभर आर्तुकोविच सांगत राहिला की आपल्या हाती काही नव्हते, आपण नामधारी होतो. ज्याचा कागद माणसे वाचवू शकतो, त्याच्या हाती काही नव्हते, यावर कोण विश्वास ठेवील?

यासेनोवाच ही छावणी ऑगस्ट १९४१ मध्ये साव्हा नदीच्या काठी उभी राहिली. विटांचे कारखाने, दलदल, तारेचे कुंपण. जर्मनांच्या छावण्यांप्रमाणे तिथे वायूच्या खोल्यांची यंत्रणा नव्हती. माणसे हातांनी मारली जात होती, सुऱ्यांनी आणि हातोड्यांनी. कागदोपत्री मात्र सगळे नियमात होते! नोव्हेंबर १९४१ च्या हुकूमाप्रमाणे 'अनिष्ट आणि धोकादायक' व्यक्तीला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत छावणीत ठेवता येत असे. त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. म्हणजे छावणीत गेलेल्या माणसाला शिक्षेची मुदतसुद्धा लिहून दिलेली असायची. तीन वर्षांची मुदत घेऊन आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच मारला जाई. त्याखेरीज फिरती जलद न्यायालये होती. शिक्षा एकच, मृत्यू, आणि निकालापासून तीन तासांच्या आत गोळी घालायची. ऑक्टोबर १९४२ मध्ये आर्तुकोविच न्याय आणि धर्म खात्याचा मंत्री झाला, मग काही महिने पुन्हा गृहमंत्री, आणि शेवटी राज्याच्या मुद्रेचा रखवालदार. न्याय, धर्म, गृह, मुद्रा. राज्याची जी जी प्रतिष्ठित खाती असतात, ती ती त्याने भूषवली.

यासेनोवाच येथील स्मारक संस्थेने नावानिशी तयार केलेल्या यादीत ८३,१४५ मृत आहेत. त्यांत ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा, १३,११६ ज्यू आणि ४,२५५ क्रोएशियन. मुले वीस हजारांवर. त्या चार हजार क्रोएशियन मृतांकडे दुर्लक्ष करू नये. उस्ताशा म्हणजे क्रोएशियन जनता नव्हे. २२ जून १९४१ रोजी सिसाक शहराजवळच्या रानात जी पहिली पार्टिझन तुकडी जमली ती बहुतांश क्रोएशियन कामगारांची होती.

आणखी एका व्यक्तीचे नाव इथे घेतलेच पाहिजे. दियाना बुदिसाव्ल्येविच. जन्माने ऑस्ट्रियन, इन्सब्रुकची, झाग्रेबमधल्या एका सर्ब शल्यचिकित्सकाची पत्नी. छावण्यांत सर्ब बायका आणि पोरे कोंडली आहेत हे कळल्यावर १९४१ च्या अखेरीस तिने अन्न आणि कपडे गोळा करायला सुरुवात केली. जुलै १९४२ मध्ये ती स्तारा ग्रादिश्का छावणीत शिरली आणि मरणाच्या दारातली मुले बाहेर काढू लागली. राज्याच्या कागदांना तिने कागदानेच उत्तर दिले. प्रत्येक मुलाचे एक कार्ड. नाव, गाव, आईबाप, कोणत्या दिवशी काढले, कोणत्या घरी ठेवले. नाव सांगता येत नसेल इतके लहान मूल असेल तर अंगावरच्या खुणा. युद्ध संपले की हे मूल आपल्या आईला परत मिळावे, एवढाच हेतू. सुमारे बारा हजार मुलांची कार्डे जमली. एकाच शहरात, एकाच काळात, मंत्रालयाच्या टेबलावर एक लेखणी माणसांची नावे खोडत होती आणि एका घरातल्या टेबलावर दुसरी लेखणी ती नावे पुन्हा लिहीत होती. मे १९४५ मध्ये नव्या कम्युनिस्ट सत्तेच्या सुरक्षा खात्याने ती कार्डे तिच्याकडून काढून घेतली. ती परत मिळाली नाहीत. तिचे नावही पुढे कोणी घेतले नाही. १९७८ साली इन्सब्रुकमध्ये ती वारली. तिची रोजनिशी छापली गेली ती २००३ मध्ये.

आणि आर्तुकोविच? मे १९४५ मध्ये तो ऑस्ट्रियात पळाला. ब्रिटिशांच्या हाती लागला, त्यांनी सोडून दिला. तिथून स्वित्झर्लंड. अलोइस अनिच असे खोटे नाव घेऊन १९४७ साली आयर्लंड, डब्लिनमध्ये वर्षभर मुक्काम. जुलै १९४८ मध्ये त्याच खोट्या नावाने, पर्यटकाच्या व्हिसावर, अमेरिका. कॅलिफोर्नियात समुद्रकिनारी त्याच्या भावाची बांधकाम कंपनी होती. तिथे तो हिशेबनीस झाला. पुन्हा टेबल, पुन्हा वह्या! व्हिसाची मुदत संपली, माणूस मात्र तिथेच राहिला. १९५१ साली युगोस्लाव्हियाने त्याला स्वाधीन करण्याची मागणी केली आणि तिथून जो न्यायालयीन खेळ सुरू झाला, तो वाचताना मन विषण्ण होते.

पहिली काही वर्षे वाद कशावर झाला? गुन्ह्यावर नव्हे. अमेरिकेचा प्रत्यर्पणाचा जुना करार सर्बियाच्या राज्याशी झालेला, तो युगोस्लाव्हियाला लागू होतो की नाही, यावर. तो लागू होतो असे १९५४ मध्ये ठरले. मग दुसरा मुद्दा आला. प्रत्यर्पणाच्या कायद्यात राजकीय गुन्ह्यांना सूट असते. ही सूट मुळात चांगल्या हेतूने आली. जुलमी राजाविरुद्ध बंड करून पळालेल्याला त्याच राजाच्या हाती देऊ नये म्हणून. १९५७ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने म्हटले की आर्तुकोविचवरचे खुनाचे आरोप राजकीय स्वरूपाचे आहेत, कारण ते सत्तेच्या झगड्याच्या काळात घडले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये तो निकाल बाजूला ठेवून पुराव्याची सुनावणी घ्यायला सांगितले. आणि जानेवारी १९५९ मध्ये लॉस एंजल्सच्या कमिशनरने पुन्हा नकार दिला. पुरावा अपुरा, आणि गुन्हे राजकीय!

बंडखोरासाठी बांधलेला आसरा गृहमंत्र्याला मिळाला. नदीकाठच्या दलदलीत मारलेले रोमा पोर कोणत्या सत्तेच्या झगड्यात उतरले होते? खून करणारा मंत्री असला की खुनाचे राजकारण होते आणि मरणारा गरीब असला की त्याच्या मरणाचा पुरावा अपुरा पडतो. शीतयुद्धाचा काळ होता. आर्तुकोविच स्वतःला कम्युनिस्टांच्या छळाला कंटाळलेला धर्मनिष्ठ निर्वासित म्हणवत होता, आणि चर्चमधल्या मंडळींपासून कम्युनिस्टविरोधी संघटनांपर्यंत अनेकांनी त्याच्यासाठी अर्जविनंत्या केल्या. शत्रूचा शत्रू तो मित्र, एवढ्या हिशेबावर त्याला पाव शतक शांततेत काढता आले.

१९७८ साली अमेरिकेने नाझींच्या बाजूने छळ करणाऱ्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा केला, १९७९ मध्ये न्याय खात्यात त्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा कुठे चक्र उलटे फिरू लागले. नोव्हेंबर १९८४ मध्ये आर्तुकोविचला अटक झाली. १९८५ मध्ये प्रत्यर्पणाला मंजुरी मिळाली. १२ फेब्रुवारी १९८६ रोजी, ८६ वर्षांचा, दृष्टी गेलेला, भ्रमिष्टावस्थेकडे झुकलेला म्हातारा झाग्रेबमध्ये उतरला. १४ एप्रिलला खटला सुरू झाला आणि १४ मे १९८६ रोजी मृत्युदंड सुनावला गेला. खटला काही ठरावीक हत्याकांडांपुरताच होता. काही साक्षींवर पुढे शंका घेतल्या गेल्या, त्यात तथ्यही होते. चार दशके उशिरा, भ्रमिष्ट आरोपीवर, एकपक्षीय राजवटीत चालवलेला खटला हा न्यायाचा आदर्श नव्हे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. १९५१ साली, त्याच्या डोक्यात सगळे ताजे असताना, त्याला प्रश्न विचारले गेले असते तर मृतांच्या नातेवाइकांना काही उत्तरे मिळाली असती. प्रकृतीच्या कारणाने शिक्षा अमलात आली नाही. १६ जानेवारी १९८८ रोजी झाग्रेबच्या तुरुंगाच्या रुग्णालयात तो मेला.

त्यानंतर तीन वर्षांत युगोस्लाव्हिया फुटला. त्याआधीच मृतांच्या आकड्यांवरून भांडण पेटले होते. युगोस्लाव्ह सरकार यासेनोवाचचे मृत सात लाख सांगत होते, तर पुढे क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रान्यो तुज्मान यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात तीस-चाळीस हजार सांगितले. एकाने आकडा फुगवला तो सूड पेटवण्यासाठी, दुसऱ्याने आटवला तो लाज झाकण्यासाठी. दोघांनाही मेलेल्या माणसाशी कर्तव्य नव्हते. स्वतंत्र क्रोएशियातच १९९९ साली यासेनोवाचचा माजी कमांडंट दिन्को शाकिच याला वीस वर्षांची शिक्षा झाली, ही त्या देशातील न्यायव्यवस्थेची जमेची बाजू. तो २००८ मध्ये मेला आणि त्याच्यावर उस्ताशा गणवेशातच अंत्यसंस्कार करण्यात आले. २०१६ साली यासेनोवाच गावातच 'झा दोम स्प्रेम्नी' कोरलेली पाटी बसवण्यात आली. १९९१ च्या युद्धातील अकरा सैनिकांच्या स्मरणार्थ! ज्यू, सर्ब आणि फॅसिस्टविरोधी संघटनांनी सरकारी स्मृतिसमारंभावर बहिष्कार टाकला, तेव्हा २०१७ मध्ये ती पाटी जवळच्या नोव्स्का गावी हलवली गेली. हिप्पोड्रोमवरच्या पाच लाखांतल्या बहुतेक तरुणांचा जन्म १९९१ च्या युद्धानंतरचा. त्यांना आम्ही फॅसिस्ट म्हणत नाही. त्यांनी घोषणा कागदावर पाहिलेली नाही, गाण्यात ऐकली आहे.

यासेनोवाचजवळ उश्तित्सा नावाचे खेडे आहे. तिथल्या सर्ब रहिवाशांना काढून रोमांना कोंडण्यात आले आणि तिथेच त्यांना पुरण्यात आले. १९४८ च्या जनगणनेत संपूर्ण क्रोएशियात स्वतःला रोमा म्हणवणारी माणसे ४०५ निघाली. २०२० मध्ये उश्तित्सात रोमांचे स्मृतिकेंद्र सुरू झाले आणि दरवर्षी २ ऑगस्टला लोक तिथे जमतात. स्मारक संस्थेच्या यादीतला १६,१७३ हा रोमांचा आकडा अंतिम नाही. ज्या राज्याने प्रत्येकाचे आजी-आजोबा मोजले, त्या राज्याने छावणीच्या फाटकाशी रोमांची नावे लिहून घेतली नाहीत. ते वॅगन मोजत होते.